थोडक्या रेषांचा धनी : एब्रम गेम्स

रेल्वेच्या फलाटावर किंवा रस्त्याच्या कडेला लावलेले पोस्टर पाहणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन क्षण येतात. तेवढ्या अवधीत त्याला थांबवणे, विचार करायला लावणे आणि निरोप त्याच्या मनात रुजवणे ही अवघड कला आहे. ब्रिटिश ग्राफिक डिझाइनर एब्रम गेम्स यांनी तिच्यासाठी उभे आयुष्य वेचले. कोणत्याही जाहिरात संस्थेची कायमची नोकरी न करता, घरातल्या स्टुडिओत बसून काम करणाऱ्या या मुक्त व्यावसायिक चित्रकाराच्या वाटचालीचा आणि त्याच्या प्रेरणांचा हा परिचय.

विसाव्या शतकातील ब्रिटनचा इतिहास चित्रांतून सांगायचा ठरवला, तर एब्रम गेम्स यांचे नाव वारंवार घ्यावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना सावध करणारी पोस्टर्स त्यांची, १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या राष्ट्रीय महोत्सवाचे बोधचिन्ह त्यांचे आणि बीबीसी दूरचित्रवाणीचे पहिले हलते ओळखचिन्हही त्यांचेच. टपाल तिकिटे, पुस्तकांची मुखपृष्ठे, विमान कंपन्यांच्या जाहिराती, भूमिगत रेल्वेच्या स्थानकातील फरशा, इतकेच काय पण कॉफी करण्याचे यंत्रसुद्धा त्यांच्या हातून घडले. एवढा पसारा मांडूनही त्यांनी स्वतःचा कारखाना उभारला नाही. काम आणणारे ग्राहक बदलत गेले. काम करणारा माणूस मात्र एकच राहिला.

जाहिरात चित्रकाराचा निरोप दुसऱ्याचा असतो, हे या व्यवसायाचे मूळ सत्य. चित्रात काय सांगायचे हे पैसे मोजणारा ठरवतो. मग त्यात चित्रकाराचे स्वतःचे असे काय उरते? गेम्स यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. ते उत्तर त्यांना फुकट मिळाले नव्हते. प्रत्यक्ष पंतप्रधानांच्या रोषाला तोंड देऊन ते त्यांनी मिळवले होते.

छायाचित्रकाराचा मुलगा

एब्रम गेम्स यांचा जन्म २९ जुलै १९१४ रोजी पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल या भागात झाला. युरोपात पहिल्या महायुद्धाचा भडका उडाला तो हाच आठवडा. व्हाइटचॅपल ही त्या काळी पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू स्थलांतरितांची दाट वस्ती होती. वडील जोसेफ हे लॅटव्हियाहून आलेले छायाचित्रकार, तर आई सारा शिवणकाम करणारी. कुटुंबाचे मूळ आडनाव 'गॅम्से'. १९२६ मध्ये वडिलांनी ते इंग्रजी वळणाचे 'गेम्स' असे करून घेतले.

वयाच्या सोळाव्या वर्षी, १९३० मध्ये, एब्रम यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत प्रवेश घेतला. पण तेथील शिकवण्यात त्यांचे मन रमले नाही आणि शुल्काचा भारही कुटुंबाला जड होता. जेमतेम दोन सत्रे पुरी करून त्यांनी शाळा सोडली. औपचारिक कलाशिक्षण तेवढेच. पुढे रात्रीच्या वर्गांना जाऊन ते मानवाकृतींच्या रेखाटनाचा सराव करीत राहिले आणि दिवसा वडिलांच्या स्टुडिओत हाताखाली काम करू लागले.

हा स्टुडिओ हीच त्यांची खरी शाळा ठरली. त्या काळचे छायाचित्रकार छायाचित्रातील दोष झाकण्यासाठी एअरब्रश वापरीत. दाबाखालच्या हवेने रंगाचा बारीक फवारा सोडणारे हे लेखणीएवढे उपकरण. त्याने कुंचल्याचा फटकारा न दिसता गडदाकडून फिक्याकडे अलगद जाणारी छटा काढता येते. वडिलांकडून शिकलेली ही हातोटी गेम्स यांच्या पोस्टरांची ओळख बनली. सपाट कागदावरची त्यांची आकृती गोलाईने उठून दिसते आणि तरीही तिच्यात एकही अनावश्यक रेघ सापडत नाही, त्याचे मूळ या स्टुडिओत आहे.

ज्या शहरात ते वाढत होते, तेही त्यांना शिकवत होते. लंडनच्या भूमिगत रेल्वेचे अधिकारी फ्रँक पिक यांनी १९०८ पासून नामवंत आणि नवोदित चित्रकारांकडून पोस्टर्स करून घेण्याचा पायंडा पाडला होता. एडवर्ड मॅकनाइट कॉफर यांच्यासारख्या चित्रकारांची आधुनिक वळणाची पोस्टर्स स्थानकांच्या भिंतींवर झळकत होती. फ्रान्समध्ये कासांद्र यांनी जहाजे आणि रेल्वेगाड्या भूमितीच्या आकारांत बसवून पोस्टरकलेला नवे रूप दिले होते. चित्रसंग्रहालयाचे तिकीट न काढता सामान्य माणसाला चांगली चित्रे पाहता येतील, अशी जागा म्हणजे पोस्टरांची भिंत, ही जाणीव त्या पिढीत रुजत होती.

चार खुर्च्या आणि एक उडी

१९३२ मध्ये गेम्स एका व्यावसायिक चित्रशाळेत उमेदवारी करू लागले. चार वर्षे त्यांनी तेथे काढली. छपाईसाठी मूळ चित्र कसे तयार करायचे, अक्षरे कशी बसवायची, ठरल्या वेळेत काम कसे हातावेगळे करायचे, हे सारे ते तेथे शिकले. दरम्यान स्पर्धांत भाग घेणे चालूच होते. १९३५ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने सायंवर्गांच्या प्रचारासाठी घेतलेल्या पोस्टर स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

१९३६ मध्ये ही नोकरी सुटली, तीही एका थट्टेपायी. कामाच्या जागी त्यांनी चार खुर्च्या ओळीने मांडून त्यांवरून उडी मारण्याचा पराक्रम केला आणि मालकांनी त्यांना घरचा रस्ता दाखवला. बावीस वर्षांच्या या तरुणाने मग दुसरी नोकरी शोधण्याऐवजी स्वतंत्र व्यवसाय करायचे ठरवले.

मुक्त व्यावसायिकाचे जिणे तेव्हाही सोपे नव्हते. महिन्याच्या अखेरीस पगार नाही आणि पुढचे काम कधी येईल याची शाश्वती नाही. मात्र १९३७ मध्ये 'आर्ट अँड इंडस्ट्री' या नियतकालिकाने गेम्स यांच्या कामावर लेख छापला आणि त्यानंतर शेल ही तेल कंपनी, टपाल खाते, लंडन ट्रान्सपोर्ट अशा मोठ्या ग्राहकांकडून कामे येऊ लागली. 'दर नव्वद सेकंदांनी एक गाडी' असा निरोप देणारे लंडन ट्रान्सपोर्टचे त्यांचे पोस्टर याच वर्षीचे. एका तरुण चित्रकाराचा जम बसू लागला होता. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले.

सैनिकांसाठी सैनिकाची चित्रे

१९४० मध्ये गेम्स सक्तीच्या लष्करभरतीत साधे शिपाई म्हणून पायदळात दाखल झाले. पुढल्याच वर्षी चिलखती दलाच्या भरतीसाठी पोस्टर हवे म्हणून युद्धकार्यालयाने त्यांना बोलावून घेतले आणि तेथून ते परत गेलेच नाहीत. १९४२ मध्ये त्यांना 'अधिकृत युद्ध पोस्टर चित्रकार' असे पद मिळाले. ब्रिटिश लष्करात हे पद मिळालेले ते एकमेव चित्रकार मानले जातात. युद्ध संपेपर्यंत त्यांनी सुमारे शंभर पोस्टर्स केली.

या पोस्टरांचे विषय पाहिले तर आश्चर्य वाटते. शत्रूच्या नायनाटाची गर्जना त्यांत क्वचितच आहे. पाय स्वच्छ ठेवा, शस्त्राची निगा राखा, न फुटलेल्या दारूगोळ्याला हात लावू नका, छावणीच्या आवारात भाजीपाला पिकवा, असे साधे निरोप त्यांत आहेत. गेम्स यांनी बराकीत दिवस काढले होते. सैनिकाला उपदेशाचा किती कंटाळा असतो आणि सूचनाफलकावरचा दाट मजकूर वाचायला त्याच्याकडे किती थोडी सवड असते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. म्हणूनच शब्द कमी करून ते चित्रालाच बोलके करीत.

निष्काळजी बडबडीविरुद्धचे १९४२ चे पोस्टर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बोलणाऱ्या सैनिकाच्या तोंडातून एक चक्राकार रेषा निघते. ती फिरत फिरत पुढे सरकते, तिला धारदार टोक येते आणि ते टोक तीन साथीदारांच्या शरीरांतून आरपार जाते. 'तुमची बडबड तुमच्या साथीदारांचा जीव घेऊ शकते' हा इशारा खाली लिहिलेला आहे, पण तो वाचायच्या आधीच चित्राने सांगून टाकलेला असतो. आवाज आणि शस्त्र या दोन वस्तू एकमेकींत विरघळवून तिसरा अर्थ उभा करणे ही गेम्स यांची खास रीत. अन्नधान्याच्या आयातीसाठी जहाजे खर्ची घालण्यापेक्षा फावडे हाती घ्या, असे सांगताना त्यांनी फावडे आणि जहाज यांचे आकार एकाच चित्रात जोडले.

त्या काळी पोस्टर्स शिळाछपाईच्या तंत्राने छापली जात. रंग वाढला की छपाईचा खर्चही वाढे आणि युद्धात तर कागदाचीही टंचाई होती. काटकसर ही गरज होती. गेम्स यांनी तिलाच तत्त्वाचे रूप दिले. कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त अर्थ, हे सूत्र त्यांनी आयुष्यभर जपले.

मागे घेतलेली दोन पोस्टर्स

युद्धकाळातील त्यांची दोन पोस्टर्स मात्र सरकारलाच पचली नाहीत.

पहिले १९४१ चे. महिलांच्या 'ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस' या लष्करी शाखेत तरुणींनी यावे म्हणून ते काढले होते. त्या शाखेचा गणवेश बेढब समजला जाई आणि तेथील काम नीरस. गेम्स यांनी टोपी घातलेल्या, सोनेरी केसांच्या आणि रंगवलेल्या ओठांच्या तरुणीचा चेहरा छायाप्रकाशाच्या खेळात असा रंगवला की, तो चित्रपटतारकेचा वाटावा. पोस्टर गाजले, पण लष्करभरतीसाठी ते फार मोहक असल्याचा आक्षेप आला. संसदेपर्यंत चर्चा पोहोचली आणि पोस्टर मागे घेण्यात आले. 'ब्लाँड बॉम्बशेल' हे लोकांनी ठेवलेले त्याचे नाव आजही टिकून आहे.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर होते. १९४२ मध्ये लष्कराच्या प्रबोधन विभागासाठी गेम्स यांनी 'हा तुमचा ब्रिटन, त्यासाठी आता लढा' या आशयाची मालिका केली. फ्रँक न्यूबोल्ड या ज्येष्ठ चित्रकारानेही याच घोषवाक्याखाली पोस्टर्स केली. त्यांत हिरव्या टेकड्या, मेंढपाळ आणि टुमदार खेडी होती. गेम्स यांना ठाऊक असलेला ब्रिटन निराळा होता. व्हाइटचॅपलच्या गल्ल्यांत त्यांनी दारिद्र्य जवळून पाहिले होते. म्हणून त्यांनी नव्या वास्तुशैलीतील शाळा, कामगारांची घरे आणि आरोग्यकेंद्र यांची चित्रे काढली आणि त्या प्रत्येकामागे जुनी, पडकी, अंधारी दुनिया दाखवली.

यातील आरोग्यकेंद्राचे पोस्टर वादग्रस्त ठरले. लंडनच्या फिन्सबरी भागात १९३८ मध्ये सुरू झालेल्या आरोग्यकेंद्राची शुभ्र इमारत त्यात उभी आहे. तिच्यामागे कोसळलेल्या भिंतींच्या काळोखात मुडदूस झालेला एक मुलगा दिसतो. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांना हे चित्र मुळीच रुचले नाही. देशाच्या परिस्थितीची ती बदनामी आहे असे त्यांचे मत झाले आणि पोस्टर मागे घेण्याचा हुकूम सुटला.

येथे गेम्स यांच्या व्यवसायातील मूळ पेच उघडा पडतो. ते सरकारच्या पगारावर होते, गणवेशात होते आणि देश जीवनमरणाच्या लढाईत होता. 'लढा' हा निरोप सरकारचा होता. कशासाठी लढायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र गेम्स यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या दुनियेतून दिले. सैनिकाला खोटे, गोंडस चित्र दाखवले तर त्याचा विश्वास बसणार नाही, हे त्यांनी जाणले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सामाजिक सुरक्षेचा पुरस्कार करणारा बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला. १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष सत्तेवर आला आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ज्या मुलाचे चित्र झाकून ठेवले गेले, त्याचा प्रश्न देशाला अखेर हाती घ्यावाच लागला.

बेल्सनची छायाचित्रे

एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश फौजांनी जर्मनीतील बर्गेन-बेल्सनची छळछावणी मुक्त केली. तेथील छायाचित्रे युद्धकार्यालयात येऊन पोहोचली आणि ती गेम्स यांच्या पाहण्यात आली. छायाचित्रकाराच्या घरात वाढलेल्या या ज्यू चित्रकारावर त्या दृश्यांनी केलेला आघात खोल होता. छळछावण्यांतून सुटलेल्या ज्यूंसाठी कपडे द्या, असे आवाहन करणारे त्यांचे पोस्टर त्यातूनच निर्माण झाले. एरवी युक्तीने, कधी हलक्या विनोदाने बोलणारा त्यांचा हात येथे गंभीर झालेला दिसतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचा विवाह मारियान साल्फेल्ड यांच्याशी झाला. त्या जर्मनीतून आलेल्या ज्यू निर्वासित कुटुंबातील होत्या. गेम्स यांनी पुढेही ज्यू संस्थांसाठी सातत्याने काम केले. संयुक्त राष्ट्रे आणि भूकमुक्तीच्या मोहिमेसाठीही त्यांनी पोस्टर्स काढली. धंद्याचे काम आणि जिव्हाळ्याचे काम यांसाठी त्यांच्याकडे दोन वेगळे हात नव्हते. विमान कंपनीच्या जाहिरातीला जी चिकाटी, तीच निर्वासितांच्या आवाहनाला.

दोरीवरचे कपडे

युद्धानंतर १९४६ मध्ये गेम्स पुन्हा मुक्त व्यवसायाकडे वळले. १९४८ पासून उत्तर लंडनमधील गोल्डर्स ग्रीन येथील घर हेच त्यांचे निवासस्थान आणि तेथील स्टुडिओ हेच कार्यालय झाले. अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, ते तेथेच राहिले.

याच वर्षी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध काम त्यांच्याकडे आले. १८५१ च्या भव्य औद्योगिक प्रदर्शनाच्या शताब्दीनिमित्त १९५१ मध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' भरवायचे ठरले होते. युद्धाने थकलेल्या, शिधापत्रिकांवर जगणाऱ्या देशाला उभारी द्यावी हा त्यामागचा हेतू. बोधचिन्हासाठी बारा चित्रकारांना निमंत्रण देण्यात आले आणि त्यांतून गेम्स यांची कल्पना निवडली गेली. होकायंत्राच्या चांदणीवर शिरस्त्राण घातलेल्या ब्रिटानियाचे मस्तक, असे ते चिन्ह होते. पण त्यात उत्सवाचा आनंद कमी पडतो, असे संयोजकांचे म्हणणे पडले.

उपाय सापडला तो घरच्या बागेत. पत्नी दोरीवर धुतलेले कपडे वाळत घालत होती. वाऱ्यावर हलणारी ती रांग पाहून गेम्स यांना पताकांची कल्पना सुचली. चांदणीच्या खालच्या अंगाला लाल, पांढऱ्या आणि निळ्या पताकांची अर्धवर्तुळाकार माळ आली आणि करारी चेहऱ्याच्या ब्रिटानियाभोवती जत्रा उभी राहिली. चहाच्या कपांपासून महोत्सवाच्या पुस्तिकांपर्यंत हे चिन्ह देशभर पसरले. १९५१ च्या ऑक्टोबरात चर्चिल पुन्हा सत्तेवर आले आणि थेम्सच्या दक्षिण काठावरील महोत्सवाचे बहुतेक मंडप पाडण्यात आले. रॉयल फेस्टिव्हल हॉल तेवढा मागे राहिला आणि लोकांच्या आठवणीत राहिले ते गेम्स यांचे चिन्ह.

प्रेरणा कोठून येते, या प्रश्नाला कलावंत अनेकदा गूढ उत्तरे देतात. गेम्स यांच्या बाबतीत ती वडिलांच्या एअरब्रशातून, बराकीतल्या दिवसांतून, व्हाइटचॅपलच्या गल्लीतून आणि परसातल्या कपड्यांच्या दोरीतून आली. मात्र दोरीवरचे कपडे पाहणारे पुष्कळ असतात. त्यांत पताका दिसण्यासाठी डोक्यात तोच प्रश्न अष्टौप्रहर घोळत असावा लागतो.

एका इंचाची कसोटी

गेम्स यांच्या कार्यपद्धतीचा गाभा होता कच्ची रेखाटने. काम हाती आले की, विषयाची माहिती गोळा करून ते कागदावर लहान लहान चित्रे काढू लागत. एका पोस्टरमागे अशी रेखाटने ढिगाने असत. कल्पना इंचभर आकारात उठून दिसत नसेल, तर ती मोठ्या आकारातही उठून दिसणार नाही, असे त्यांचे मत होते. कारण उघड आहे. रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला भले मोठे पोस्टरही इंचभरच दिसते. बारकाव्यांच्या आधाराने उभी असलेली कल्पना तेथे कोसळते.

पोस्टर पाहणाऱ्याकडूनही काही काम करून घेतले पाहिजे, असे ते मानत. घड्याळाची कमान गुंडाळून ठेवावी तसा चित्रात अर्थ दाबून भरायचा. पाहणाऱ्याच्या मनात ती कमान सुटली पाहिजे. अर्थ आपणच शोधल्याचा आनंद त्याला झाला, तर निरोप त्याच्या लक्षात राहतो.

ही रीत त्यांच्या युद्धोत्तर कामातही दिसते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांनी 'वेग' या कल्पनेवर तीन पेन्सांचे टपाल तिकीट केले. एवढ्याशा जागेत त्यांची इंचाची कसोटी अक्षरशः कामाला आली. 'फायनान्शियल टाइम्स'च्या १९५१ च्या जाहिरातीत त्यांनी वृत्तपत्रालाच पाय लावले आणि ते उद्योगपतीच्या ऐटीत चालू लागले. १९५३ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीसाठी त्यांनी केलेले ओळखचिन्ह हे संगणकाच्या फार आधीचे. धातूच्या तारा आणि दिवे वापरून प्रत्यक्ष हलणारी प्रतिकृती तयार करण्यात आली आणि तिचे चित्रीकरण झाले. पंखांसारख्या आकारामुळे लोक त्याला 'वटवाघळाचे पंख' म्हणू लागले. १९७६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाकडे नेणाऱ्या भूमिगत रेल्वेची जाहिरात करताना त्यांनी रेल्वेच्या वर्तुळचिन्हाच्या आकारांतून वाघ उभा केला. कोठे जायचे आणि कशाने जायचे, हे दोन्ही एकाच चित्रात आले.

यंत्रांचीही त्यांना आवड होती. कोना कंपनीसाठी त्यांनी संकल्पिलेले काचेचे कॉफीयंत्र आजही जुन्या डिझाइनच्या चाहत्यांना ठाऊक आहे. गेस्टेटनर कंपनीसाठी त्यांनी हातात मावणारे प्रतिलिपी यंत्रही तयार केले, पण ते बाजारात येऊ शकले नाही. पेंग्विन प्रकाशनाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगीत मुखपृष्ठांच्या प्रयोगाची सूत्रे त्यांच्याकडे दिली. तोही प्रयोग थोड्याच काळात थांबवण्यात आला. मुक्त व्यावसायिकाच्या खात्यात यशाइतकीच अशी अर्धवट राहिलेली कामेही जमा असतात.

एकट्याची किंमत

१९४६ ते १९५३ या काळात गेम्स यांनी रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अध्यापन केले. १९५७ मध्ये त्यांना 'ओबीई' हा किताब मिळाला आणि १९५९ मध्ये 'रॉयल डिझाइनर फॉर इंडस्ट्री' हा बहुमान. दोन सत्रांत कलाशाळा सोडलेल्या मुलाने मिळवलेली ही प्रतिष्ठा होती.

पण काळ पालटत होता. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि जाहिरातींचा पैसा तिकडे वळू लागला. हाताने काढलेल्या चित्राची जागा छायाचित्राने घेतली. मोठ्या जाहिरात संस्थांत एका पोस्टरामागे लेखक, कलादिग्दर्शक, बाजार संशोधक अशी फौज उभी राहू लागली. चित्रकार आणि ग्राहक समोरासमोर बसून काम ठरवण्याचे दिवस मागे पडले. गेम्स यांनी आपली पद्धत बदलली नाही. पोस्टरांची मागणी घटली तशी त्यांनी बोधचिन्हे आणि टपाल तिकिटे यांवर अधिक भर दिला. उद्योगांसाठीच्या 'क्वीन्स अवॉर्ड'चे १९६५ मधील चिन्ह त्यांचेच. लंडनच्या व्हिक्टोरिया मार्गावरील स्टॉकवेल स्थानकात दिसणारी हंसाच्या आकृतीची फरशीही त्यांचीच.

या एकटेपणाची किंमत त्यांनी मोजली, तसा त्याचा लाभही त्यांना झाला. समितीने ठरवलेले चित्र सहसा कोणालाच न दुखावणारे असते. फिन्सबरीच्या पोस्टरातला मुडदूस झालेला मुलगा अशा समितीतून सुटून आला असता, असे वाटत नाही. तो आला, कारण चित्रामागे एकच मन आणि एकच स्मृती होती.

जपलेला ठेवा

२७ ऑगस्ट १९९६ रोजी लंडनमध्ये एब्रम गेम्स यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या नेओमी गेम्स यांनी वडिलांच्या कामाचे जतन आणि लेखन यांत मोठा वाटा उचलला. २०१४ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त लंडनच्या ज्यू संग्रहालयात त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. २०१९ मध्ये लंडनच्याच राष्ट्रीय लष्करी संग्रहालयाने त्यांच्या युद्धकालीन पोस्टरांचे प्रदर्शन मांडले. २०२० मध्ये गोल्डर्स ग्रीनच्या घरावर इंग्लिश हेरिटेजचा निळा स्मृतिफलक लागला. सरकारने मागे घेतलेली दोन्ही पोस्टर्स आता त्यांच्या सर्वोत्तम कामांत गणली जातात आणि अभ्यासकांच्या पुस्तकांत आवर्जून छापली जातात.

आज संगणकावर काही मिनिटांत पोस्टर तयार होते. रंगांना तोटा नाही, अक्षरांच्या शेकडो तऱ्हा बोटांच्या टोकांशी आहेत. पाहणाऱ्याचा वेळ मात्र तेव्हा होता त्याहून कमी झाला आहे आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर प्रत्येक चित्राला पुन्हा गेम्स यांच्या इंचभर जागेतच उभे राहावे लागते. त्यामुळे त्यांची कसोटी कालबाह्य झालेली नाही. घरी बसून एकट्याने काम करणाऱ्या आजच्या चित्रकारालाही दुसऱ्याचाच निरोप पोहोचवायचा असतो. तो पोहोचवताना आपण पाहिलेले खरे लपवायचे की दाखवायचे, एवढा निर्णय त्याच्या हाती उरतो. गेम्स यांनी तो आयुष्यभर स्वतःच्या हाती ठेवला.